प्राध्यापिकांचं समाधान: सरासरीत काय लपतं?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात ‘नोकरीबद्दल समाधानी आहात का?’ असं विचारून ५ पैकी गुण द्यायला सांगितले. प्राध्यापिकांची सरासरी प्राध्यापकांइतकीच भरली. अहवालात ‘स्त्री-पुरुष फरक नाही’ असं लिहावं का?

उत्तर: लिहू नका. मुळात अपेक्षाच कमी असेल, तर कमी मिळूनही माणूस समाधानी असल्याचं सांगतो. अर्थतज्ज्ञ अँड्र्यू क्लार्क यांनी १९९७ साली ब्रिटनमधल्या आकडेवारीवरून हेच मांडलं. तिथे एकंदरीत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त समाधानी दिसल्या, पण तरुण आणि उच्चशिक्षितांत तो फरक उरला नाही. म्हणून वेतन, पदोन्नती, वरिष्ठांची वागणूक, सहकारी आणि प्रत्यक्ष काम यांबद्दल वेगवेगळं विचारा. समित्या, स्नेहसंमेलन, सूत्रसंचालन, पाहुण्यांची सरबराई यांत कुणाचे किती तास जातात, तेही नोंदवा. यांतली बरीच कामं तासांत मोजली जात नाहीत, म्हणूनच ती सलतात.

कायम आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची सरासरी एकत्र काढू नका. समजा, कायम शिक्षकांचे गुण सरसकट ४ आणि तासिकावाल्यांचे २ आहेत. स्त्रियांत १० कायम व ३० तासिकावाल्या, पुरुषांत ३० कायम व १० तासिकावाले. सरासरी येते २.५ आणि ३.५, गटाच्या आत मात्र फरक शून्य! पण म्हणून प्रश्न संपत नाही. कायम जागा कुणाला मिळाल्या, हे मग विचारायलाच हवं.

विभागात एकच प्राध्यापिका असेल, तर विभाग आणि पद लिहिताच ती ओळखू येते. मग ती ४ वर खूण करून मोकळी होते. पाचाहून लहान गटाचा आकडा वेगळा छापू नका, आणि अर्ज विभागप्रमुखांमार्फत गोळा करू नका.

प्रश्न: प्रसूती रजेमुळे पदोन्नतीच्या अर्जात माझ्या तासिका ७० टक्क्यांखाली दिसतात. काय करावं?

उत्तर: टक्केवारी काढताना धरलेला छेद तपासा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार अध्यापनाची श्रेणी ठरवताना हा रजेचा काळ वगळायचा असतो. वर्षाच्या ४८० तासिकांपैकी निम्म्या रजेत गेल्या आणि उरलेल्या २४० पैकी २१६ घेतल्या, तर ९० टक्के होतात. म्हणजे ‘चांगली’ श्रेणी, कारण तिची मर्यादा ८० आहे. छेदात ४८० धरले की तेच ४५ होतात. रजा पूर्वमंजुरीने घेतलेली असणं ही अट आहे, तेव्हा मंजुरीचा आदेश अर्जाला जोडाच.