खर्च करा, पण आधी डॉक्टरांकडून पत्र नव्याने लिहून घ्या

प्रश्न: मी ४६ वर्षांचा, अमेरिकेत एका खासगी कंपनीत नोकरीला. पाठीच्या दुखण्यामुळे काम थांबलं. ग्रुप पॉलिसीतून लाँग-टर्म डिसॅबिलिटीचे (दीर्घकालीन असमर्थतेचे) महिन्याला ४,८०० डॉलर मिळायला हवेत. माझ्या डॉक्टरांनी 'पूर्णपणे असमर्थ' असं लिहून दिलं. विमा कंपनीच्या डॉक्टरने मला न तपासता, नुसती कागदपत्रं वाचून 'बैठं काम जमेल' म्हटलं आणि क्लेम नाकारला. शारीरिक कार्यक्षमता चाचणीला क्लिनिक २,५०० डॉलर मागतंय. ते भरू, की नाद सोडून ४०१(के), म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं, मोडू?

उत्तर: चाचणी करा. मी हिशेब मुद्दाम हात आखडून मांडतो. बऱ्याच ग्रुप पॉलिसींत पहिले २४ महिने 'तुमचं स्वतःचं काम जमतं का' हा निकष असतो, नंतर 'कोणतंही काम जमतं का'. म्हणून फक्त पहिले २४ महिने धरू. सोशल सिक्युरिटी या सरकारी योजनेची डिसॅबिलिटी मंजूर झाली तर विमा कंपनी तेवढी रक्कम कापते; ती महिना २,००० समजू. उरले २,८०० गुणिले २४, म्हणजे ६७,२०० डॉलर. विम्याचा हप्ता तुमची नोकरीची कंपनी भरत असेल तर त्यावर आयकरही लागेल. तरी समोर खर्च २,५०० चाच आहे.

मात्र इतकी वर्षं उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या शब्दाला आपोआप जास्त वजन मिळेल, या भरवशावर राहू नका. नोकरीतून मिळालेल्या अशा पॉलिसींना सहसा एरिसा हा नोकरीतल्या लाभांसाठीचा अमेरिकी कायदा लागू होतो. त्याखाली असं झुकतं माप द्यायलाच हवं असं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच सांगितलंय. विश्वासार्ह पुरावा मनमानीपणे झटकून टाकता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा पुरावा झटकता येणार नाही असा हवा.

'पूर्णपणे असमर्थ' हे दोन शब्द त्या कामाचे नाहीत. एका बैठकीत किती मिनिटं बसता येतं? दिवसात किती वेळा आडवं व्हावं लागतं? वेदनाशामक गोळ्यांनी लक्ष किती टिकतं? एमआरआयमधली कोणती गोष्ट याला कारणीभूत आहे? पत्रात हे हवं. 'वीस मिनिटांनंतर उठावं लागतं' असं डॉक्टरांनी लिहिलं आणि चाचणीतही तेच दिसलं, तर 'बैठं काम जमेल' म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. डॉक्टर घाईत असतात. प्रश्न टाइप करून न्या. नोकरीत रोज काय करावं लागायचं तेही सोबत द्या, बहुतेक डॉक्टरांना ते माहीतच नसतं.

चाचणीत मात्र ओढूनताणून काही करू नका. प्रयत्नांत सातत्य आहे का हेही त्यात तपासतात, आणि अहवाल उलटला तर तोच तुमच्याविरुद्ध वापरला जाईल.

विमा कंपनीकडे संपूर्ण क्लेम फाइल आजच लेखी मागा, ती फुकट द्यावी लागते. त्यांच्या डॉक्टरने कोणते रिपोर्ट वाचलेच नाहीत हे तिथे कळतं. अपिलाला नकारपत्र मिळाल्यापासून १८० दिवस असतात. वकील करायचा तर तोही याच मुदतीत, कारण पुढे कोर्टात बहुतेकदा फाइलमध्ये असलेलेच कागद पाहतात. नंतर सुचलेलं पत्र सहसा चालत नाही.

४०१(के) शेवटचा पर्याय. ५९½ वर्षांआधी काढलेल्या रकमेवर आयकर आणि वर साधारणपणे १० टक्के दंड. अपंगत्वासाठी दंडात सूट आहे, पण तिची व्याख्या कडक आहे, तेव्हा सीपीएला (परवानाधारक हिशेबनीसाला) विचारल्याशिवाय फॉर्म भरू नका.