हात मागे घे

बाळा,

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज मी पहाटे दूध तापवताना वाचला. दूध उतू गेलं. तुझी काकू अजून बोलते आहे.

एकोणीस दिवस झाले, कुत्री दिवाणाखालून बाहेर येत नाही. तू खोलीबाहेर गेलास की मगच खाते. आणि खाली नेलं की सोसायटीच्या वॉचमनला बघून मात्र शेपूट हलवते. "काका, माझ्यातच काही कमी आहे का? तिच्यासाठी दुसरं घर बघू का?" कुत्रं आणलंस हे फार चांगलं केलंस वगैरे मी लिहिणार नाही. ते तुला पटलेलं आहे, म्हणून तर आणलंस.

तो वॉचमन काय करतो ते कधी नीट बघितलंस? मी इथं बसून सांगतो. काहीच करत नाही. खुर्चीत बसून मोबाइल बघतो. हाक मारत नाही, वाकत नाही, हात पुढे करत नाही. आणि तू? कामावरून आलास की दिवाणापुढे पालथा पडतोस, टॉर्च लावतोस, हात आत घालतोस. तूच लिहिलंयस. हात मागे घे. बाकीचं पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

तिच्या कानाला व्ही आकाराची खाच आहे म्हणालास. म्हणजे तिला एकदा पकडून नेलेलं आहे. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हा नियम २००१ पासून आहे, २०२३ च्या नव्या नियमांतही तोच आहे. काम चांगलं आहे, व्हायलाच हवं. पण तिच्या बाजूनं बघ. जाळी, गाडी, पिंजरा, सुई, पोटाला टाके. मग ती मोटरसायकल, मोडलेला पाय, पुन्हा अनोळखी माणसं. वरून आलेला प्रत्येक हात तिला काहीतरी करून गेलाय. तुझा हात मायेचा आहे हे तिला कुणी सांगायचं?

"मी तिला दुसरी संधी दिली" हे वाक्य तुझ्या मेसेजमध्ये दोनदा आहे. त्या शब्दाची मला चीड आहे. संधी म्हटली की समोरच्यानं काहीतरी करून दाखवायचं आलं. एटीकेटी आहे का ती? एकोणीस दिवसांत पेपर सोडवला नाही, म्हणून नापास?

कुत्री सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा आडाखा सांगतात. तीन दिवस जनावर भेदरलेलं असतं, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. बरा आहे आडाखा, पण एसटीचं वेळापत्रक धरून बसावं तसा धरून बसू नकोस. (आणि एसटीचं वेळापत्रक काय असतं ते मी तीस वर्षं आतून बघितलंय.) आमच्या काळ्यानं माझ्या तळहाताला नाक लावलं ते सातव्या महिन्यात.

संध्याकाळी जमिनीवर बस, तिच्याकडे पाठ करून. पेपर वाच. उकडलेल्या चिकनचे तुकडे, हाड नको, मीठ-कांदा-लसूण काही नको, मागे टाकत राहा. हातातून भरवायचं नाही. आली, तुझा वास घेतला, तरी वळायचं नाही. पुढं कधीतरी हात लावशील तेव्हा डोक्याला नाही, खालून, छातीला, दोन-तीन सेकंद. मग थांब. ती पुढे सरकली तर पुन्हा. तोंड फिरवलं, ओठांवरून जीभ फिरवली, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर ती 'नको' म्हणते आहे. हात मागे घे.

गुरगुरली तर ओरडू नकोस. गुरगुरणं हा हॉर्न आहे. हॉर्नची वायर तोडली म्हणून ब्रेक लागत नाहीत. गाडी येतेच, फक्त आवाज न करता येते. आणि कधी दात लागलाच, तर नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. घरचंच कुत्रं आहे, लस झालीय, असला शहाणपणा नको.

हे सगळं मला कुठून कळलं? तांबूकडून.

१९९३ सालची गोष्ट. वर्कशॉपच्या खड्ड्याशेजारी झोपायची. गाडीखाली सापडेल म्हणून मी तिला घरी आणली आणि साखळीनं बांधली. तेव्हा कुत्रं म्हणजे बांधायचंच. येणारा-जाणारा तिच्या डोक्यावर थापटायचा, मी कौतुकानं बघायचो. ती मान खाली घालायची, मला वाटायचं लाजते. पाच आठवड्यांत 'बस' म्हटलं की बसायला शिकली. सहाव्या आठवड्यात ती खात असताना माझ्या सहा वर्षांच्या पुतण्यानं तिच्या गळ्यात हात टाकला. दंडाला चार दात लागले. तेव्हा सरकारी दवाखान्यात पोटात घ्यायची इंजेक्शनं होती. तो पोरगा अजून त्यांचा विषय काढतो.

घर दोन खोल्यांचं. माझी मुलगी दोन महिन्यांची. वहिनी बोलेना. आई म्हणाली, एक तर ती राहील नाही तर आम्ही. काय करायला हवं होतं मी? सांग ना. आजच्यासारखं फोनवर विचारायला कुणी नव्हतं, जनावरांचा डॉक्टर होता तो गाई-म्हशींचा. मी एकटा नव्हतो असं करणारा, अख्ख्या गावाची तीच रीत होती.

चौथ्या रात्री घाटात गाडी बंद पडल्याचा निरोप आला. ब्रेकडाउनच्या गाडीत मी तिला मागं घेतलं. खंबाटकीच्या पायथ्याला एका टपरीपाशी उतरवलं आणि 'बस' म्हटलं. बसली. आम्ही निघालो तरी बसलेली होती.

पाळलेलं जनावर असं सोडणं १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दंड दहा ते पन्नास रुपये. मला तेवढाही झाला नाही. आठवड्यानं सुट्टी मिळाली तेव्हा परत गेलो. टपरीवाला म्हणाला, दोन दिवस तिथंच होती.

त्यानंतर घरात अकरा कुत्री झाली, एकही परत गेलं नाही. लोक म्हणतात म्हातारा विक्षिप्त आहे, पहिल्या भेटीत कुत्र्याला हात लावू देत नाही, फोटो काढू देत नाही. नाही देत. रागावून गेलेले परत येत नाहीत, तेही बरंच आहे.

तेव्हा दुसरं घर शोधायचं असेल तर शोध. तिथं दुसरा दिवाण असेल आणि दुसरा हात. तिचे एकोणीस दिवस पुन्हा एकपासून सुरू.

बाकी किरकोळ. सोसायटीच्या सेक्रेटरीला सांग, ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. भांडू नकोस, छापून दे. गळ्यातला पट्टा एकटा पुरणार नाही, घाबरलेलं कुत्रं त्यातून मान सहज काढतं. छातीचा पट्टाही घाल आणि दोन्हींना दोरी लाव. दिवाळी महिन्यावर आलीय. त्या दिवसांत फिरवणं उजेडातच उरकायचं, अंधार पडल्यावर खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि दिवाणाखाली राहायचं तर राहू दे. गोचीड कानात आणि बोटांच्या बेचक्यात असतात, पण ते आत्ता तू बघायचे नाहीत. खाणं सोडलं किंवा ताप वाटला तर डॉक्टरकडून रक्त तपासून घे.

रविवारी मी येणार होतो. आता वर येत नाही. आलो तर मला राहवणार नाही, मी वाकून बघणारच. काकूनं चकल्या दिल्यात, तो डबा वॉचमनकडे ठेवून जाईन.

तिचा फोटो पाठव. दिवाणाखाली मोबाइल घालून काढलेला नको.

तुझा,
काका