सरकारी ऑफिस चष्म्यात मावेल का?

प्रश्न : नमस्कार, माझा पुतण्या सांगत होता की परदेशात आता व्हीआर चष्मा (डोळ्यांवर लावला की आभासी दुनिया दिसते तो) लावून घरबसल्या दाखले मिळतात, आत गेलं की समोर कार्टूनसारखी बाई बसलेली असते आणि ती विचारते काय काम आहे. खरंय का हे? आपल्याकडे कधी येणार? लेकीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मी आत्तापर्यंत चार वेळा सेतूत जाऊन आलेय. – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, पुतण्या अर्धं बरोबर सांगतोय. दक्षिण कोरियात सोल शहराच्या प्रशासनानं 'मेटाव्हर्स सोल' काढलं होतं, नोव्हेंबर २०२१ मध्ये घोषणा आणि १६ जानेवारी २०२३ ला सुरू. पण चष्मा नव्हे हो, मोबाइलचं ॲप होतं! आपला एक बाहुला करायचा, तो हिंडवत महापौरांच्या ऑफिसात जायचं, सूचना टाकायची, टॅक्सचं विचारायचं, दाखले मागायचे. चष्मा पुढच्या टप्प्यात येणार होता, त्याआधीच ऑक्टोबर २०२४ मध्ये दुकान बंद, कारण वापरणारेच कमी. आणि का वापरतील, तिथं तोच दाखला सरकारी वेबसाइटवर आणि रस्त्यावरच्या मशीनमध्ये मिळतो की, मग बाहुला चालवत कोण बसणार. त्याच्याही आधी, २००७ मध्ये, स्वीडननं सेकंड लाइफ नावाच्या आभासी दुनियेत दूतावास उघडलेला, पण व्हिसा तिथं मिळायचाच नाही, नुसती माहिती.

(मी भाच्याचा हेडसेट, म्हणजे तोच व्हीआर चष्मा, एकदा लावलाय. माझा नंबरचा चष्मा आत मावेना आणि दहा मिनिटांत मळमळायला लागलं.)

जे अजून बांधलेलंच नाही ते दाखवायला व्हीआर झकास, म्हणजे उद्या गावाबाहेरून बायपास जाणार असेल तर हरकती मागवायच्या आधी लोकांना त्यावर उभं करून दाखवा ना. फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगलाही चांगलं. पण तुमच्या चार चकरा आठवून बघा, एकदा स्कॅन ५०० केबीच्या वर गेलं म्हणून अपलोड होईना, एकदा तलाठ्याचा अहवाल नाही, एकदा सर्व्हर डाऊन, असंच काहीतरी असणार. ऑफिस चष्म्यात नेलं तरी अहवाल त्याच तलाठ्यानं द्यायचाय.

तोवर एक करा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्ज पूर्ण असूनही मुदत उलटली तर पहिलं अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर लावला असं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पावती आहे ना जवळ? तिच्यावरची तारीख आधी बघा.