पांदणीत शिंका, आणि भरती तोंडावर

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय 20. पोलीस भरतीसाठी रोज 800 मीटरचा सराव करते. सप्टेंबर सरत आला की दरवर्षी पांदणीत धावताना एकामागून एक पंधरा-वीस शिंका येतात, डोळे खाजतात, नाक गळतं. घरची कामं आटपून निघायला आठ वाजतात. आई म्हणते, सर्दी आहे, धावणं बंद कर. मेडिकलमधली गोळी घेतली की दिवसभर गुंगी येते. काय करू?

उत्तर : बेटा, धावणं बंद करू नकोस. हे उत्तर आईलाही वाचून दाखव. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत उतरते. तुझे डोळे खाजतात आणि त्रास दरवर्षी त्याच महिन्यात येतो, म्हणजे ही परागकणांची ॲलर्जी दिसते. ‘हे फीव्हर’ म्हणतात ते हेच, पण यात ताप नसतो.

आपल्याकडची पांदण म्हणजे दोन्ही धुऱ्यांवर कमरेएवढं गाजर गवत, शेंड्याला साबुदाण्याएवढी पांढरी फुलं. 1950 च्या दशकात हे गवत पुण्यात प्रथम लक्षात आलं, आज एकही वावर त्यातून सुटलेलं नाही. त्यात ऑक्टोबरात सोयाबीनच्या सुड्या मोडतात, थ्रेशर चालतो आणि कुटाराची धूळ गावभर बसते. ती धूळ आधीच सुजलेल्या नाकाला आणखी चिडवते.

तुझी आठची वेळ अडचणीची आहे. दव असतं तोवर परागकण फारसे उडत नाहीत. ऊन चढून गवत वाळलं की हवेत पसरतात. म्हणून उजाडता उजाडता धाव. अंधारात एकटीनं जा, असं मी मुळीच सांगणार नाही. बाबांना किंवा भावाला सायकलवर सोबत घे, आणि ते जमेपर्यंत घरातल्यांनी सकाळचं एखादं काम तुझ्याकडून काढून घ्यावं. पांदण सोड, डांबरी रस्ता धर. चष्मा लाव. परतल्यावर तोंड आणि केस धू, कपडे बदल, आणि ते कपडे धुऱ्यावर वाळत घालू नकोस.

आता औषध. गुंगी येते ती गोळी बहुधा सेट्रिझिन असावी. कमी गुंगीच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना तसं सांग. पण रोजच्या त्रासाला नाकातला स्टेरॉइडचा स्प्रे जास्त उपयोगी. तो डॉक्टरांकडून लिहून घे. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवसांत टाकून देऊ नकोस. मारताना मान किंचित खाली, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारलास तर रक्त येतं.

नाक झटक्यात मोकळं करणाऱ्या थेंबांपासून मात्र जप. मागे भरतीचाच एक मुलगा आला होता. खिशातून थेंबांची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘मॅडम, याच्याशिवाय झोपच लागत नाही.’ तीन महिने रोज टाकत होता. हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले की त्यांच्यामुळेच नाक चोंदतं. ती सवय सोडवताना त्या पोराचे फार हाल झाले.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, म्हणून मीच विचारते. धावून थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकल्याची ढास लागते का? छातीत शिट्टी वाजते का? रात्री दम लागून जाग येते का? यातलं एकही असेल तर तो दमा असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. अशा वेळी फुंकून करायची श्वासाची तपासणी होईपर्यंत जोराचा सराव थांबव. इनहेलर लागला तरी घाबरू नकोस. तो नीट घेऊन पळणारी मुलं मी पाहिली आहेत.

पुढच्या वर्षी तान्हा पोळा झाला की स्प्रे सुरू कर, शिंकांची वाट पाहू नकोस. आणि पांदणीतलं गाजर गवत फुलावर यायच्या आत, पावसाने माती ओली असताना मुळासकट उपटायला गावातल्या पोरांना सांग, हातमोजे घालून. तू स्वतः मात्र त्या कामाला जाऊ नकोस.