गायरानावर गाववन : आधी चराईचे ठरवा

प्रश्न : आमचे गाव उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. गावच्या सुमारे बारा एकर गायरानावर 'गाववन' उभारण्याचा ठराव ग्रामपंचायत येत्या ग्रामसभेत मांडणार आहे. तरुण मंडळी उत्साहात आहेत; मेंढपाळ कुटुंबे मात्र विचारतात, "झाडे लावा, पण आमची मेंढरे न्यायची कुठे?" काही वर्षांपूर्वी याच जागेवर लावलेली रोपे दोन उन्हाळ्यांत वाळून गेली. या वेळी काय वेगळे करावे?
— एक वाचक, उत्तर सोलापूर

उत्तर : मेंढपाळांनी विचारलेला प्रश्न ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सर्वांत आधी घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झाडे कोणती, खड्डे किती, हे त्यानंतर ठरवता येईल. ज्यांची गुरे आणि मेंढरे पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीवर चरत आली, त्यांना वगळून घातलेले कुंपण फार दिवस टिकत नाही; ते रात्रीतून तुटते आणि मग गावात दोन तट पडतात.

प्रथम सात-बारा उतारा काढून पाहावा. गायरानाची मालकी शासनाची असते आणि ग्रामपंचायतीकडे तिची देखभाल असते, त्यामुळे केवळ ठराव करून भागणार नाही. तहसील कार्यालयामार्फत महसूल विभागाची लेखी संमती घ्यावी. जमिनीवर अतिक्रमण असल्यास त्याचीही मोजणी आताच करून घ्यावी, कारण सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या जमिनी गावाला परत देण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. वनहक्क कायदा २००६ चा आधार घेता येईल का, असे अनेकजण विचारतात. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली मिळालेले सामूहिक हक्क वनजमिनीवरचे आहेत; आपली जमीन महसुली गायरान असल्याने तो मार्ग येथे लागू होत नाही.

आता चराईविषयी. बारा एकर एकदम बंद करू नका. तीन-चार एकरांचा तुकडा तीन वर्षांसाठी बंद ठेवावा, तेथील गवत विळ्याने कापून डोक्यावरून नेण्याची मुभा द्यावी आणि उरलेली जमीन चराईला मोकळी ठेवावी. पहिल्या तुकड्यातील झाडे मेंढरांच्या तोंडाच्या वर गेली की दुसरा तुकडा बंद करावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली ती गावाने मिळून ठरवल्यामुळेच. वर्षातून काही दिवस मेंढरांचा वाडा बसवणारे बाहेरगावचे मेंढपाळ असतील, तर त्यांनाही बैठकीला बोलवावे. झाडांची निवड करतानाही त्यांचे ऐकावे. मागच्या वैशाखात मी एका माळावर पाहिले : बाजूला करंजाच्या वाळलेल्या काड्या आणि गंजलेला फलक, आणि पन्नास पावलांवर जुन्या बाभळीखाली एक आजोबा आकडीने शेंगा पाडत होते, भोवती पंधरा-वीस शेळ्या माना वर करून उभ्या. उन्हाळ्यात तो खुराकच त्या जनावरांना तगवतो. बाभूळ, हिवर, बोर, शमी, कडुनिंब ही झाडे म्हणूनच आधी घ्यावीत. सुबाभूळ आणि निलगिरी यांच्या मोहात पडू नये.

सगळ्या बारा एकरांवर झाडे लावण्याचा आग्रहही सोडावा. कुदळ घालून पाहा : वीतभर मातीखाली मुरूम लागत असेल आणि वर पवन्या, कुसळी, मारवेल यांसारखे गवत असेल, तर तो माळ मुळातच जिवंत आहे. नान्नजचे माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ साली अशाच उघड्या गवताळ माळांसाठी झाले. माळढोक, काळवीट, लांडगा यांना दाट झाडी नको असते. अशा भागावर खड्डे घेण्यासाठी जेसीबी लावणे म्हणजे आहे ते मोडणे होय. झाडे ओघळीच्या काठाने, खोल मातीत लावावीत आणि उतारावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब चर, खोदून पाणी अडवावे. ही कामे रोजगार हमीतून घेता येतात.

मागील रोपे का वाळली, याचे उत्तर बहुधा पाण्यात आहे. आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, आणि पुढे आठ महिने जमीन कोरडी राहते. एका रोपाला आठवड्याला १० लिटर धरले तरी एक हजार रोपांना १०,००० लिटर लागतात, म्हणजे पाच हजार लिटरचे दोन टँकर, दर आठवड्याला, फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत. ही तजवीज ज्यांच्यासाठी होईल, तेवढीच रोपे लावावीत. तीनशे झाडे जगली तर त्यांच्या सावलीत पक्षी बिया टाकतील आणि पुढची लावणी आपोआप सुरू होईल.

प्रश्न : शहरातील आमच्या वसाहतीत महापालिकेच्या मोकळ्या जागेवर 'घनवन' करण्याची चर्चा आहे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या या पद्धतीत एका चौरस मीटरमध्ये साधारण तीन रोपे लावतात, म्हणजे एका गुंठ्यात सुमारे तीनशे. एवढ्या दाटीला दोन-तीन वर्षे पाणी आणि निगा लागते, म्हणून देखभालीची तरतूद महापालिकेच्या अंदाजपत्रकात असल्याची खात्री रहिवाशांनी आधीच करून घ्यावी. मुलांच्या खेळाची जागा वेगळी राखावी. जागेवर जुना कडुनिंब किंवा चिंच असेल, तर त्याच्या बुंध्यालगत खोदकाम होऊ देऊ नये. असे झाड तोडायचे असल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे ठेकेदाराला काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे.