दुखण्यावर रिसर्च करायचा म्हणतेस तर

प्रिय बाळ,

तुझा लांबलचक मेसेज नीट वाचून काढला. एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपत आली, बरोबरचे सगळे नीट-पीजीच्या क्लासला लागलेत आणि तुला मात्र क्रॉनिक पेनवर, म्हणजे महिनोन्‌महिने राहणाऱ्या दुखण्यावर, रिसर्च करायचाय, त्यातही दुखणं आणि भावना यांचं मेंदूत नेमकं काय नातं आहे ते बघायचंय. पप्पा म्हणतायत बेळगावात ऑर्थोचं क्लिनिक टाकलंस तर रांग लागेल, हे रिसर्चचं कुठून काढलंस. पप्पांशी मी बोलते, ते माझ्यावर सोड. आपल्या भागातली एक मुलगी हा विषय धरतेय याचा मला किती आनंद झालाय ते भेटल्यावर सांगेन.

पण निघायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करून घे. मेंदू आणि भावनांचा दुखण्याशी संबंध आहे असं तू उद्या पेपरात लिहिशील, आणि तेच वाक्य पेशंटच्या घरापर्यंत पोचेतो 'डॉक्टर म्हणाले सगळं मनाचंच आहे' असं होऊन बसेल. तुझ्या कामातली सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे, मशीन नाही, फंडिंग नाही.

निपाणी-चिकोडीकडच्या विडी वळणाऱ्या बायका तू ओपीडीत बघितल्याच असशील. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं आणि लगेच पुढचं पान, दिवसभर मान खाली, मजुरी हजार विड्यांवर. अशी बाई मान-खांदा धरून येते तेव्हा तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत बेळगाव, कोल्हापूर, मिरज सगळीकडचे एक्सरे असतात आणि सगळीकडून ती 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढंच ऐकून आलेली असते. घरी सासू म्हणते नाटकं करते. आता मेंदूतलं दुखणं म्हणत आपण पण तिच्या हातात तेच ठेवणार असू तर हा रिसर्च न केलेला बरा.

रिपोर्ट आणि दुखणं यांची जोडी तशीही फार विश्वासाची नाही. २०१५ साली एक मोठा आढावा आला होता, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचा, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यातली गादी झिजलेली होती. म्हणजे गादी झिजलेली आणि दुखत काहीच नाही असेही लोक ढिगानं आहेत, आणि स्कॅन स्वच्छ पण रात्र रात्र झोप नाही असेही आहेत. दुखतंय का हे फिल्म सांगत नाही, माणूस सांगतो.

पप्पांना समजवायला सोपं उदाहरण हवं असेल तर संकेश्वरी मिरची घे. मिरचीनं तोंड भाजतं पण भाजलेलं काहीच नसतं. मज्जातंतूवरचं जे रिसेप्टर, म्हणजे सिग्नल टिपणारं दार, साधारण ४३ डिग्रीच्या वर तापलं की उघडतं तेच मिरचीतल्या कॅप्सायसिननं पण उघडतं, डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबनं १९९७ ला ते शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळालं. तर इजा नसतानाही सिग्नल खरा असतो. आणि हा तर नुसता दारातला सिग्नल झाला, त्याचं पुढं दुखणं होतं की नाही, किती होतं, हे वर मज्जारज्जूत आणि मेंदूत ठरतं.

१९६५ ला मेलझॅक आणि वॉल यांनी गेट कंट्रोल थिअरी मांडली ती तुला फिजिऑलॉजीत होती, पण परीक्षेपुरती वाचली असशील, आता परत वाच. उसाला पाणी देताना पाटाचं दार कमी-जास्त करतात ना, तसं मज्जारज्जूत सिग्नलचं दार कमी-जास्त होतं, आणि ते दार हलवणारा एक हात वरून, मेंदूतून येतो. भीती, काळजी, झोप नसणं, कुणीतरी बरोबर बसलेलं असणं, हे सगळं त्या हातातून खाली उतरतं. ही काही कवीकल्पना नाही, त्यामागं केमिस्ट्री आहे. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर बघितलं की नुसत्या प्लासिबोनं, म्हणजे खोट्या औषधानं, ज्यांना आराम पडतो त्यांना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूसारख्या औषधांचा असर तोडणारं औषध दिलं, तर तो आराम पण जातो. म्हणजे आराम त्यांच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेल्या औषधानंच पडला होता. 'मनाचा खेळ' म्हणणाऱ्याला हा प्रयोग सांगायचा.

आणि भावना ही दुखण्याला नंतर येऊन चिकटलेली गोष्ट नाही. पेनवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आयएएसपीनं, १९७९ लाच व्याख्येत लिहिलं की दुखणं हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे, २०२० ला व्याख्या सुधारली तेव्हाही ते ठेवलं आणि वर टीप जोडली की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याचा मान ठेवा. तुझ्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याच्या, पहिल्याच पानावर हे येऊ दे.

आता कामाचं. तू लिहिलंयस की क्रॉनिक पेनचे तीस पेशंट आणि तीस नॉर्मल लोक घेऊन एफएमआरआयत, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, काय फरक पडतो ते बघायचंय. असं करू नकोस. असले पेपर खूप झालेत आणि त्यातून कळत नाही की मेंदू बदलला म्हणून दुखणं राहिलं की दुखणं राहिलं म्हणून मेंदू बदलला. शिकागोच्या आपकारियन यांच्या ग्रुपनं २०१२ मध्ये काय केलं बघ, नुकतीच पाठ धरलेली माणसं घेतली आणि वर्षभर त्यांच्या मागं राहिले. काहींचं दुखणं गेलं, काहींचं राहिलं, आणि ज्यांचं राहिलं त्यांच्यात मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि न्यूक्लियस अकम्बेन्स यांची जोड सुरुवातीलाच जास्त घट्ट होती. म्हणजे किंमत ठरवणारी, ओढ आणि शिकणं सांभाळणारी जागा. पुढच्याच वर्षी त्यांनीच दाखवलं की दुखणं जुनं होत जातं तसं ते मेंदूत संवेदनेच्या जागांकडून भावनेच्या सर्किटकडं सरकतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, कुणाचं सरकतं आणि कुणाचं सरकत नाही, आणि तो वेळ दिल्याशिवाय सुटत नाही.

वेळ द्यायचा तर फॉलोअप आला, आणि आपल्याकडं फॉलोअप म्हणजे काय ते तुला माहितीये. कारखान्याचा हंगाम चालू झाला की कोण येत नाही, सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का, जत्रेच्या दिवसांत तर तारीख देऊच नकोस. कॅलेंडर पंचांग बघून कर, आणि पेशंटला तुझ्याकडं बोलवण्यापेक्षा तू गावात जा, एसटीचे पैसे आणि बुडालेला रोज बजेटमध्ये धर.

स्कॅनरच्या रंगीत चित्रांवर भाळू नकोस. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सॅल्मन मासा एफएमआरआयमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि हजारो ठिकाणं एकदम तपासताना करावी लागते ती स्टॅटिस्टिक्सची दुरुस्ती न करता बघितलं तर त्याच्या मेंदूत पण अ‍ॅक्टिव्हिटी दिसली! म्हणून आधी स्टॅटिस्टिक्स शिक, चांगल्या माणसाकडं बसून शिक. दुसरं म्हणजे सिंग्युलेट नाहीतर इन्सुला, मेंदूतल्या दुखताना हमखास दिसणाऱ्या जागा, पेटलं म्हणजे दुखतंय असं उलटं वाचू नकोस, ती ठिकाणं शंभर कामं करतात. २००३ मध्ये एक अभ्यास खूप गाजला की कुणी वगळलं तरी दुखण्याच्याच जागा पेटतात, पण २०१४ मध्ये टोर वेगर यांच्या ग्रुपनं बारकाईनं बघितलं तर शरीराचं दुखणं आणि नाकारलं जाणं यांचे पॅटर्न वेगळे निघाले. प्रसाद शिरवळकर आणि त्यांचे सहकारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला फक्त चार पेशंटच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून कित्येक महिने, ते घरी असताना, रेकॉर्डिंग घेत राहिले आणि त्यांना दिसलं की रोजचं जुनं दुखणं डोळ्यांच्या वरच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्सशी जास्त जुळतं, तर मुद्दाम दिलेला चटका सिंग्युलेटशी. चारच माणसं, पण इतकी जवळून बघितलेली. मला असं काम आवडतं.

पेशंटशी बोलायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय विचारलंस की आपली बाई म्हणणार 'लई'. मग तिला विचार, कळशी उचलता येते का, केस विंचरता येतात का, रात्री किती वेळा जाग येते, आणि हे सगळं तिच्याच शब्दांत लिही. आणि किती दुखतंय आणि त्याचा किती त्रास वाटतोय हे दोन प्रश्न वेगवेगळे विचार. रेनव्हिल यांनी १९९७ मध्ये संमोहनानं त्रास कमी-जास्त केला तेव्हा सिंग्युलेट बदललं आणि संवेदनेची जागा जवळपास तशीच राहिली. माझ्याकडं एक बाई म्हणाली होती, "दुखतंय तेवढंच ओ मॅडम, पर आता भ्या वाटतंय, हात गेला तर खायाचं काय." रेनव्हिलनी लॅबमध्ये जे वेगळं काढलं ते तिनं एका दमात सांगितलं. निम्मे पेशंट कन्नड बोलतील, तर तू कन्नडमध्ये विचार, येत नसेल तर शिक, दुखणाऱ्या माणसाला भाषेचा भांडणतंटा सोसायला लावायचा नाही.

पेन रीप्रोसेसिंग थेरपीबद्दल तू विचारलंस. कोलोरॅडोत १५१ जणांवर ट्रायल झाली, दुखणं धोक्याचं नाही हे मेंदूला नव्यानं शिकवायचं, चार आठवड्यांत ६६ टक्के लोकांचं पाठीचं दुखणं गेलं किंवा नावापुरतं राहिलं, प्लासिबोवर २० टक्के, नेहमीच्या उपचारांवर १० टक्के. मला यातून खूप आशा वाटते. पण ती बरीच शिकलेली, हिंडती-फिरती माणसं होती. जिला उद्या परत हजार विड्या वळायच्यातच तिला 'धोका नाही' म्हणताना आधी तिचं बसणं, तिची मजुरी, तिची भीती बघावी लागेल, आणि इकडं हे कसं चालेल हे तुझ्यासारखीनंच शोधायचंय. एक कर, 'तुमचा मेंदू आकसलाय' असं कुणाला सांगू नकोस. खुब्याच्या दुखण्यात मेंदूतलं ग्रे मॅटर, म्हणजे पेशींचा करडा भाग, कमी झालेलं ऑपरेशननंतर दुखणं गेल्यावर परत वाढलं, हे २००९ लाच दिसलंय.

रविवारी सकाळी घरी ये. प्रोटोकॉल नव्यानं लिहून आण, तीस-तीसवालं नको. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्ही आण, ते मी आमच्या शेजारणीला मोठ्यानं वाचायला देणार आहे, तिला जी ओळ कळणार नाही ती आपण तिथंच बसून बदलू.

तुझी,
मॅडम