आधी माती चाचपा

ऊन तापायला लागलं की पत्रांचा रंग बदलतो. एरवी मोठमोठे बेत विचारणारे वाचक एका कुंडीवर, एका बरणीवर, एका डुगडुगणाऱ्या खुर्चीवर येतात. मला हे दिवस आवडतात. या खेपेची निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालते, तरी दुपारी झाडं माना टाकतात. दुपारीही एकदा घालू का? शेजारच्या बाई म्हणतात, भर उन्हात पाणी घातलं तर थेंबाचं भिंग होऊन पानं जळतात.

दुपारी मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. पानांतून उडून जाणारं पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त झालं की पान लवतं आणि ऊन उतरलं की आपलं आपण उभं राहतं. तेव्हा झाडाची परीक्षा दुपारी नको, संध्याकाळी घ्या. तेव्हाही ते मलूल दिसलं तर मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसा. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर हात मागे. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. गंमत अशी की कुजक्या मुळांचं झाडही तहानेल्या झाडासारखंच मान टाकतं. मग आपण कळवळून आणखी एक तांब्या ओततो. माझ्याकडची बरीच झाडं अशी मायेने मेली आहेत.

उलटाही प्रकार होतो. पाणी घालताच ते तळाच्या भोकातून भळाभळा निघून जातं आणि आपल्याला वाटतं, झाड भिजलं. फार वाळलेली माती, त्यातही काथ्याच्या भुश्शाची, आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. पाणी त्या फटीतून खाली जातं, मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या. नंतर वर पाच सेंटिमीटर वाळका पाला पसरा, खोडापासून दोन बोटं सोडून.

भिंगाबद्दल : हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० साली प्रसिद्ध केलं. गुळगुळीत पानावर थेंब चपटा बसतो, ऊन डोक्यावर असताना त्यातून गोळा होणारा प्रकाश पानाच्या बराच खाली एकवटतो, त्यामुळे पान जळत नाही. दाट लव असलेल्या पानावर मात्र थेंब लवेवर अधांतरी राहतो आणि तिथे डाग पडू शकतो. म्हणजे शेजारणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. तरी सकाळची वेळ चांगली, कारण तेव्हा पाणी वाफ होऊन न जाता मुळांपर्यंत पोचतं.

प्रश्न : टोमॅटोला भरपूर फुलं येतात आणि गळून पडतात. जी चार फळं धरली त्यांचे बूड काळे पडले. कुणी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं घातली, उपयोग शून्य.

दोन दुखणी आहेत, वेगवेगळी धरू.

फुलगळ बहुधा उष्णतेची. दिवसाचा पारा ३२-३५ अंशांच्या वर आणि रात्रही गरम, असं चाललं की टोमॅटोचा पराग निकामी होतो, फळ धरत नाही आणि झाड फूल सोडून देतं. दुपारच्या उन्हापुरती जाळीची सावली करा. शिवाय टोमॅटोचा पराग नळीसारख्या पुंकेसरांच्या आत बंद असतो, हादरा बसल्याशिवाय बाहेर पडत नाही. भुंगे गुणगुणून तेच काम करतात. बंद गच्चीत किंवा खिडकीत भुंगा येत नसेल तर सकाळी फुलांच्या देठामागे बोटाने टिचकी मारा. माझ्याकडे हे काम घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाकडे असतं, आणि तो ते फारच मन लावून करतो.

काळं बूड हा रोग नव्हे, म्हणून फवारणी नको. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की तिथली पेशी ढासळते. कॅल्शियम मातीत बहुतेक वेळा असतंच, पण ते पाण्याबरोबर चढतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी पूर, असं झालं की वाटेत खंड पडतो. टरफलं विरघळायला महिनेच्या महिने लागतात, या मोसमात ती कामाला यायची नाहीत. पाणी थोडं थोडं पण नेमाने द्या. पुढची फळं बरी येतील.

आणि फळावर पहिली लाली दिसली की तोडून घरात ठेवा. तीस अंशांच्या वर टोमॅटोचा लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं. सावलीत ते सुरेख पिकतं. फक्त फ्रिजमध्ये नको. थंडीने त्याचा वास देणारी द्रव्यं घटतात आणि मग राहतं ते नुसतं लाल पाणी.

प्रश्न : पुदिना वाफ्यात लावू की कुंडीत?

कुंडीत. एकट्याला. वाफ्यात लावलात तर पुढच्या वर्षी तुम्ही मला तो काढायचा कसा ते विचाराल.

प्रश्न : लसणाच्या पाकळ्या आणि ताजी पानं तेलात घालून शोभेच्या बाटल्या भरायच्या आहेत. ओट्यावर छान दिसतील. किती महिने टिकतील?

महिने नाही, ओट्यावर तर एक दिवसही नको. एरवी मी चुकांकडे काणाडोळा करते, पण इथे नाही. लसूण मातीत वाढतो आणि मातीत बोटुलिझमच्या, म्हणजे एका जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू असू शकतात. हवा नाही, आंबटपणा नाही, वर उन्हाळ्याची ऊब : तेलाखाली बुडलेल्या ताज्या लसणात त्याला हवं ते सगळं मिळतं. त्याचं विष ना वास देतं ना रंग, म्हणून 'हुंगून बघू' हा उपाय इथे चालत नाही. असं तेल करायचं तर थोडंसं करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा, नाहीतर बर्फाच्या साच्यात ओतून गोठवा.

बाटल्यांची हौस व्हिनेगरवर भागवा. आम्लात या जिवाणूचं काही चालत नाही. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, व्हिनेगरमध्ये बुडवा, दोन आठवड्यांनी गाळा. बाटली तितकीच देखणी दिसते.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात काकड्या मुरत ठेवल्या. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले. घाबरून टाकून दिल्या. काय चुकलं?

टाकून दिल्यात, एवढंच चुकलं. गढूळ पाणी आणि बुडबुडे म्हणजे आंबवणारे जिवाणू कामाला लागले. ते साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्याच आम्लाने काकडी टिकते.

पुढच्या वेळी मीठ चमच्याने नको, वजनाने घ्या. जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत बराच फरक पडतो. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ पुरे. काकडीचं फुलाकडचं टोक पातळ कापून टाका, तिथल्या विकरांनी काकडी लिबलिबीत होते. देठाकडचं नव्हे, फुलाकडचं. गोंधळ होत असेल तर दोन्ही कापा. काकड्या पाण्याखाली दाबलेल्या राहिल्या पाहिजेत, वर छोटी वाटी ठेवली तरी चालते. झाकण घट्ट आवळू नका, वायू निघायला वाट हवी. उन्हात आंबणं धावत सुटतं आणि चव मागे राहते, म्हणून बरणी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा आणि तिसऱ्या दिवसापासून चाखत राहा. आवडली की फ्रिजमध्ये. वर पांढरा सपाट पापुद्रा आला तर काढून टाका. केसाळ, रंगीत बुरशी आली तर मात्र बरणीच रिकामी करा.

प्रश्न : पाणी दोनदा उकळूनही घरचा बर्फ पांढुरका होतो. बाहेर मिळतो तसा काचेसारखा कसा करायचा?

उकळण्याने थोडाच फरक पडतो, खरी गोष्ट दिशेची आहे. साच्यात बर्फ सगळ्या बाजूंनी एकदम गोठतो आणि विरघळलेली हवा मधे कोंडते, तोच तो पांढरा डाग. एका जाड भिंतीच्या छोट्या थर्मासडब्यात पाणी भरा आणि झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा. गोठणं फक्त वरून सुरू होतं, हवा खाली ढकलली जाते. पूर्ण गोठायच्या आधी बाहेर काढा आणि तळाचं पाणी ओतून द्या. उरलेली लादी आरपार दिसते. चवीत फरक नाही, डोळ्यांचं सुख आहे. मुलांना मात्र हा प्रयोग दाखवाच.

प्रश्न : जुनी लाकडी खुर्ची डुगडुगते. दोन खिळे मारले, एक पाय चिरला. आता?

खिळे काढा. खुर्चीचा सांधा गोंदाने धरतो, खिळ्याने नव्हे. खिळा लाकूड फाकवतो, सांधा ढिला तो ढिलाच. डुगडुगणारा पाय ओढून वेगळा करा, टोकावरचा जुना गोंद खरवडून पार काढा, कारण नवा गोंद लाकडाला धरतो, जुन्या गोंदाला नाही. लाकडाचा पांढरा गोंद दोन्हीकडे लावून पाय बसवा. चिरेतही गोंद भरा. मग पायांभोवती दोरी गुंडाळा, तिच्यात काठी घालून पीळ द्या आणि काठी अडकवून ठेवा. महागड्या शिकंज्याइतकाच दाब बसतो. खुर्ची सपाट जमिनीवर चारी पाय टेकवून ठेवा आणि पूर्ण एक दिवस तिच्याकडे फिरकू नका. हेच सगळ्यांत अवघड.

मग पॉलिश पेपर : आधी ८० नंबर, मग १२०, मग १८०, नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा नाही. खुर्ची खूप जुनी आणि रंगवलेली असेल तर रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, लहान मुलं आसपास असतील तर मुळीच नाही. तेल किंवा रंग सावलीत लावा. उन्हात वरचा थर पटकन सुकतो, आतला ओला राहतो आणि फोड येतात.

एक गोष्ट राहिली आणि ती खुर्चीहून मोठी आहे. जवसाचं तेल लावणार असाल तर पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. बोळ्यात ती ऊब कोंडली की चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते. ती पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रश्न : दहा दिवस बाहेरगावी जातोय. कुंड्यांचं काय करू?

सुती दोरी आणि बादली. दोरीचं एक टोक कुंडीच्या मातीत बोटभर पुरा, दुसरं बादलीच्या तळाशी सोडा. नायलॉनची नको, ती पाणी पीत नाही. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी लावली तर ओढ सुरू व्हायला वेळ लागतो. बादली कुंडीच्या बरोबरीने ठेवा. फार उंच ठेवली तर पाणी दोरीतून वाहत सुटतं आणि दहा दिवसांचं पाणी एका रात्रीत जमिनीवर येतं. माझ्याकडे एकदा आलं होतं. बादलीवर झाकण किंवा फडकं बांधा. उन्हाळ्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा पुरतो, आणि तुम्ही दहा दिवस नसणार. कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत आणा. आणि हे सारं निघायच्या आदल्या रात्री नको, चार दिवस आधी मांडून बघा. कुठल्या कुंडीला एक दोरी पुरते आणि कुठलीला दोन, ते तेव्हाच कळतं.